मोजूनमापून करूनही घरच्यासारखी चव का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी एकटे राहता, व्हिडिओ बघून स्वयंपाक शिकलात, चमचे-वाट्या मोजता, मिनिटं मोजता, मसालाही आईनेच पाठवलेला असतो, तरी आमटीला आणि भाजीला घरची चव येत नाही. माझं स्पष्ट मत सांगतो: तुमचं प्रमाण बरोबर असणार. पण तुमचं सगळं लक्ष मोबाइलच्या पडद्यावर आहे. कढईत काय चाललंय ते आधी कानाला कळतं, मग नाकाला, आणि जिभेचा नंबर अगदी शेवटी लागतो. पुढची पायरी कधी घ्यायची हे पहिल्या दोघांनी सांगायचं असतं.

मी लालबागचा. माझी आत्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. बायकापोरं गावी ठेवून आलेले घाटावरचे, कोकणातले पुरुष तिच्याकडे जेवायचे, आणि गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे चूल अशी थंड व्हायचीच नाही. गिरणगावात अशा बायका घरोघर होत्या. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ ही खाणावळवाल्या बायकांची संस्था उभी केली ती त्यांनाच हाताशी धरून. आत्याकडे मापाचा चमचा नव्हता. ती कढईकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसायची आणि मान न वळवता आम्हा पोरांना सांगायची, "कांदा झाला बघ, मसाला टाक." घासलेटचा स्टोव्ह भणभणत असायचा, खालून रस्त्याचा कालवा यायचा, पण त्यातून तिला कांदा नीट ऐकू यायचा.

ऐकू येतो म्हणजे काय, ते सांगतो. चिरलेला कांदा तेलात पडला की जोरात चरचरतो. तो आवाज कांद्यातल्या पाण्याचा. पाणी उकळून वाफ होतंय तोवर कांद्याचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून तो नुसता शिजतो, पांढरट-पारदर्शक होतो. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, तुटक होतो, तेल कडेला सुटायला लागतं. खरं परतणं तिथून सुरू होतं. रंग, गोडसरपणा, खमंगपणा, सगळं त्या पुढच्या थोड्या वेळातलं. व्हिडिओत "पाच मिनिटं परता" म्हणतात. पण थंडीत येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो आणि कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा त्यामानाने कोरडा. तुमची कढई पातळ, त्यांची जाड. मग पाच मिनिटं दोघांची सारखी कशी होणार? बहुतेकांची भाजी कच्चट लागते ती इथेच, कारण चरचर चालू असतानाच त्यावर मसाला आणि पाणी पडतं.

फोडणीचंही तेच. मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो, त्याची वाफ साल फोडून बाहेर येते, तीच ती तडतड. पहिला दाणा उडाला म्हणून लगेच जिरं टाकू नका. तडतड भरात येऊ द्या, आणि ती ओसरायला लागली की जिरं, पाठोपाठ हिंग, मग हळद. हळद शेवटी, कारण ती पटकन करपते आणि कडू होते. मोहरी अर्धवट फुटली तर ती दाताखाली येते आणि आमटीभर कडवटपणा राहतो.

हिंगाचं तर मला फार कौतुक आहे. डबी उघडली की नाक मुरडावं असा उग्र दर्प, आणि गरम तेलात पडला की दोन क्षणांत कांदा-लसणीच्या जातीचा गोल वास. हा उग्रपणा गंधकयुक्त द्रव्यांचा. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मिसळतात तेही गंधकाचंच संयुग. स्वयंपाकघरात नाक जागं ठेवायचं हे आणखी एक कारण.

दगडफूल कधी नीट हातात घेतलंय? काळपट-करड्या पापड्या, कागदासारख्या चुरचुरीत. झाडांवर, खडकांवर एकत्र वाढणारी ती बुरशी आणि शैवाल यांची जोडी. कच्चं हुंगलं तर फारसं काही नाही, थोडा मातकट वास. तेलाच्या थेंबावर मंद आचेवर परता आणि नाक कढईजवळ ठेवा. एका क्षणी धुरकट, गहिरा वास एकदम उठतो आणि ज्याला आपण "घरचा मसाला" म्हणतो तो आकाराला येतो. तिथे हात थांबला पाहिजे. मार्च ते मे आमच्या लालबागच्या मसाला बाजारात बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्यांचे ढीग लागतात, मसाला कांडणाऱ्या डंकांची धडधड दिवसभर चालते, रस्त्याने जाणारा माणूस शिंकत जातो. त्या गर्दीत जुनी गिऱ्हाइकं मसाला चाखत नाहीत. चिमूट तळहातावर चोळतात आणि हुंगतात.

आता एक प्रयोग करून बघा, आजच. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चार दाणे जिरं चावा. कडसर, खरखरीत, एवढंच कळेल. नाक सोडा. जिरं तेव्हा येतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असतो तो चविष्ट दाटपणा कळतो. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ती घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढलेला वास असते. म्हणून सर्दीत वरण नुसतं खारट पाणी लागतं. आणि तिखट ही चवसुद्धा नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्या मज्जातंतूंवरचा कॅप्सेसिन ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) शोधल्याबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. कोकणातल्या बांगड्याच्या कालवणात तिरफळ असतं, त्याने ओठांना झिणझिण्या येतात, तीही स्पर्शाच्याच घरातली गोष्ट. जेवणात त्वचाही जेवते, हे मला या दोन पदार्थांनी पटवलं.

भाकरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरची चव म्हटलं की ती आलीच. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताने मळ-मळ मळायचं. पीठ ताजं दळलेलं हवं, जुन्या पिठाची भाकरी कडेला चिरते. थापताना परातीचा आवाज ऐका. सुरुवातीला बद्द, जड. भाकरी पातळ होत गेली की थाप मोकळी आणि कडक वाजते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते सुकता सुकता उलटायची. फार ओली राहिली तर तव्याला चिकटते, पार वाळली तर तडे जातात. बोट टेकवून ओल कळते, मिनिटं मोजून नाही.

तुम्हाला करायला सांगेन ते एवढंच. स्वयंपाक करताना कानातले इअरफोन काढून ठेवा. व्हिडिओ आधी बघून घ्या आणि बंद करा. धुराचा पंखा कांदा परतेपर्यंत लावू नका, तो आवाजही खातो आणि वासही. सुरुवात पिठल्यापासून करा, त्यात सगळं आहे. मोहरीची तडतड, लसूण लालसर होतानाचा वास, कांद्याची चरचर बारीक होणं, मग पाण्याला उकळी. पीठ पेरताना दुसऱ्या हाताने सतत घोटा. आधी ते रटरटेल आणि कच्च्या बेसनाचा वास येईल. झाकण ठेवून आच मंद करा. आवाज जड फदफदीवर आला, झाकण उचलल्यावर कच्चा वास गेलेला असला आणि कडेला तेलाची चकाकी दिसली की गॅस बंद करायचा. आईला फोन लावाल तेव्हा किती चमचे ते विचारू नका. तिच्या कढईत त्या वेळी कसा आवाज येतो, ते विचारा. तिला सांगता येईल.