टोयोटाची कॅमरी हायब्रिड घ्यावी की होंडाची अकॉर्ड हायब्रिड?

गाड्या दोन्ही उत्तम, पण चालवताना वेगळ्या वाटतात. कॅमरीत २.५ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून चाकं फिरवतात. अकॉर्डचं २ लिटरचं इंजिन शहरात बहुतेक वेळ नुसता जनरेटर फिरवून वीज बनवतं, गाडी इलेक्ट्रिक मोटर ओढते. हायवेला स्थिर वेगात क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. रोज ट्रॅफिकमध्ये अडकत असाल तर माझं मत अकॉर्डला.

टेस्ट ड्राइव्ह मात्र दोन्हींची एकाच रस्त्यावर घ्या. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आवाज ऐका. मग पुढची सीट स्वतःच्या उंचीला लावून तिच्याच मागे बसा, गुडघे टेकतात का बघा. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना सोबत न्याच! सेडान बसकी असते, उतरताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागतो का, ते तिथेच कळेल.