वाचकांचे प्रश्न: फ्रेंच युद्धनौकेची मापे

प्रश्न: अठराव्या शतकातल्या 74 तोफांच्या फ्रेंच नौकेच्या आराखड्यावरून मापे घेतली. लांबी इतर नोंदींपेक्षा कमी का भरते?

उत्तर: तुम्ही बहुधा इंग्रजी फूट धरला आहे. त्या काळचा फ्रेंच फूट 32.48 सेंटिमीटरचा, म्हणजे इंग्रजीपेक्षा 2 सेंटिमीटरने मोठा. त्याचे 12 इंच आणि प्रत्येक इंचाच्या 12 रेषा. फ्रेंच जहाजरचनाकार झाक-नोएल साने यांच्या 74 तोफांच्या नौकेची लांबी 172 फूट, म्हणजे 55.87 मीटर, इंग्रजी फुटाने ती 52.43 मीटरच होते. जवळजवळ साडेतीन मीटरची तूट!

रुंदी त्याहून फसवी. 44 फूट 6 इंच हे माप फासळ्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे आहे. वरून ठोकलेल्या फळ्यांची जाडी त्यात नसते. ती दोन्ही बाजूंना मिळवावी लागते. अनेक प्रतिकृती इथेच बिघडतात.

कागदही आक्रसतो, तोही उभा-आडवा सारखा नाही. आधी आराखड्यावरची मोजपट्टी तपासा, मग उभ्या दिशेचे लिहिलेले एखादे माप. नोंदवहीत मूळ आकडा फूट-इंच-रेषांतच लिहा, मीटर शेजारच्या रकान्यात. मूळ आकडा पुसलात, तर पुढच्या अभ्यासकाला चूक शोधताच येणार नाही.