रविवारी ताई का आली नाही?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. गुण ७८ टक्क्यांच्या आसपास असतात. गेल्या वर्षापासून ती एका संस्थेबरोबर दर रविवारी बालगृहातील मुलांना गावाबाहेरच्या जंगलात घेऊन जाते. तिथे झाडे ओळखणे, तीन दगडांची चूल मांडणे, लाकूडकाम असे काही शिकवतात. आता तिला हेच काम आयुष्यभर करायचे आहे. मी सांगितले, दोन वर्षे एमपीएससीची वनसेवा दे, जंगलही मिळेल आणि नोकरीही. तोपर्यंत रविवार बंद. ती संस्थेला कळवेना, म्हणून मीच फोन करून तिची तब्येत बरी नसल्याचे सांगितले. तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही. उद्या लग्नाच्या वेळी मुलगी गुन्हेगार पोरांना रानात फिरवते, असे सांगायचे का? तिचे मन कसे वळवावे? सोबत तिने लिहिलेला अर्धा कागद जोडला आहे. – एक वडील

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले मूळ पत्र चार पानांचे आहे आणि गुणांचा उल्लेख त्यात एका ओळीत येऊन संपतो. मीही गुणांवर अधिक काही लिहीत नाही, कारण ते चांगले आहेत आणि या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध नाही. मला अस्वस्थ करून गेला तो आपण केलेला फोन. आपल्या पत्रात तो जाता जाता आला आहे; मला मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

बालगृहात राहणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या आयुष्यात कोणी तरी मोठे माणूस ‘संध्याकाळी येतो’ म्हणून गेलेले असते आणि परत आलेले नसते. कुणाला नातेवाईक सोडून गेलेले असतात, कुणाला एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हलवलेले असते, आणि ज्या काळजीवाहक ताईंवर जीव जडलेला असतो त्यांचे कंत्राट संपलेले असते. अशा मुलांसाठी दर रविवारी ठरलेल्या वेळी फाटकाशी उभी राहणारी व्यक्ती ही फार मोठी गोष्ट असते, आणि ती व्यक्ती न सांगता थांबली की ते मूल आपल्याच परीने कारण शोधू लागते. ताई फार आजारी आहे, आता ती येणार नाही, असे एखाद्याला वाटते. मागच्या खेपेला आपण तिच्याशी वाईट वागलो म्हणून ती आली नाही, असे दुसऱ्याला वाटते. आणि नुकतेच बोलू लागलेले तिसरे पुन्हा गप्प होते. म्हणूनच या क्षेत्रात पाळायचा पहिला नियम असा, की येणार असाल तेव्हाच ‘येईन’ म्हणावे, थांबणार असाल तर काही आठवडे आधी मुलांना सांगावे आणि निरोप समोर उभे राहून घ्यावा. हा नियम आपण आपल्या कन्येच्या नावाने मोडला आहे. ती परत गेली आणि एखाद्या मुलाने ‘ताई, बरी झालीस का?’ असे विचारले, तर तिला एक तर खोटे बोलावे लागेल किंवा आपले वडील खोटे बोलले हे सांगावे लागेल. ती घरात बोलत नाही याचे कारण आपल्याला एमपीएससीत दिसते. मला ते या फोनमध्ये दिसते.

तेव्हा तिचे मन कसे वळवावे, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. ती सज्ञान आहे, वर्षभर दर रविवारी जे काम तिने न चुकता केले त्याबद्दल बोलते आहे, आणि वर्षभराची नियमितता ही कोणत्याही कलचाचणीपेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते. ‘दोन वर्षे दे, मग तुझ्या मनासारखे कर’ ही अट आपल्याला उदार वाटत असेल. स्पर्धा परीक्षांची वेळापत्रके पुढे सरकत राहतात, पूर्वपरीक्षेत थोडक्यात हुकले की आणखी एक प्रयत्न घरच्यांनाच हवासा वाटतो, आणि या दोन वर्षांची चार-पाच झालेली उदाहरणे आपल्या आजूबाजूलाही असतील. ज्याला वनाधिकारी व्हायचे आहे त्याने हा धोका पत्करावा. ज्याला व्हायचे नाही त्याच्यावर तो लादू नये.

वनसेवेबद्दल थोडक्यात. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर एमपीएससीची वनसेवा आणि यूपीएससीची भारतीय वनसेवा या दोन्ही परीक्षा देता येतात, आणि वनक्षेत्रपालाचे काम मानाचे आणि कष्टाचे आहे. मात्र त्याचा दिवस वणवे, अतिक्रमणे, वनगुन्ह्यांचे पंचनामे, रोपवने आणि बिबट्याच्या तक्रारी यांत जातो. घाबरलेल्या मुलाशेजारी दोन तास बसण्यासाठी त्याला नेमलेले नसते. आपला आग्रह सरकारी नोकरीचाच असेल, तर आपल्या कन्येच्या कामाला वनखात्यापेक्षा महिला व बालविकास विभाग कितीतरी जवळचा आहे. परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी अशी पदे तिथे आहेत, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी का होईना, समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते घेतले जातात. आपल्या चार पानांत या विभागाचे नाव एकदाही आलेले नाही.

आता ‘गुन्हेगार पोरां’बद्दल. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बालगृहात येणारी मुले ही काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके असतात. त्यांत अनाथ, टाकून दिलेली, रेल्वे फलाटावर सापडलेली, कामाला जुंपलेली, घरातच मारहाण किंवा अत्याचार सोसलेली मुले येतात, आणि त्यांच्याबाबतचे निर्णय बालकल्याण समिती घेते. ज्यांच्यावर एखाद्या गुन्ह्याचा आरोप आहे त्या मुलांची चौकशी बाल न्याय मंडळापुढे होते आणि त्यांना निरीक्षणगृहात ठेवले जाते. ती व्यवस्था वेगळी आहे. त्या मुलांबाबतच्या कार्यवाहीतही दोष देणारे, आरोप करणारे शब्द वापरू नयेत, असे हाच कायदा आपल्या मूलतत्त्वांत सांगतो. आपल्या पत्रात एका मुलाचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या घरी काय घडले हे सविस्तर आले आहे. तो मजकूर मी पूर्ण वगळला आहे, कारण याच कायद्याचे कलम ७४ अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. ती हकीकत आपल्या कन्येने घरी सांगितली असेल, तर याबाबत तिलाही माझे कठोर सांगणे आहे : मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जेवणाच्या ताटावर येता कामा नये. ती फक्त संस्थेतील जबाबदार व्यक्तीपर्यंत जावी.

तिच्या त्या अर्ध्या कागदावर एक वाक्य आहे : ‘जंगलात गेले की ही मुले आपोआप मोकळी होतात, त्यांना वेगळे काही करावे लागत नाही.’ हे वाक्य मनापासून लिहिलेले आहे आणि या क्षेत्रातला सर्वांत मोठा गैरसमज त्यातच आहे. काही मुले मोकळी होतात, हे खरे. पण ज्या मुलाला अंधारात मारले गेले आहे, त्याला झाडीच्या दाट सावलीत ‘डोळे मिटून आवाज ऐका’ असे सांगणे म्हणजे त्याला पुन्हा तिथेच नेऊन सोडणे होय. उपासमार काढलेले मूल डब्यातील पोळ्या खिशात लपवते. त्याला सर्वांसमोर टोकले, तर पुढचे सगळे रविवार वाया जातात. हात धरून ओढा ओलांडवणे आपल्याला मदत वाटते, एखाद्या मुलीला तो स्पर्श सहन होत नाही. मुलांना बदलते ती जागा आणि माणसे यांची स्थिरता : तेच रान, तीच वाट, तोच बसायचा कातळ, तीच दोन-तीन मोठी माणसे, आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील ब्रिजवॉटर कॉलेजच्या मंडळींनी १९९३ मध्ये डेन्मार्कमधील बालवाड्या पाहून आपल्याकडे जंगलशाळा सुरू केली. त्यातून वाढलेल्या पद्धतीत एकदाच्या सहलीला स्थान नाही. त्याच झाडीत, ठरावीक अंतराने, दीर्घकाळ जाणे हा तिचा पाया आहे. मुलाच्या हाती कोयती किंवा चाकू देण्याआधी तिथे कित्येक सत्रे जातात, आणि देताना ‘मी तुझ्यावर विश्वास ठेवतो’ हे त्याला कळेल अशा रीतीने देतात. यांतले काहीही आपोआप होत नाही, त्यामागे प्रशिक्षित माणूस असतो.

म्हणून तिने प्रथम मुलांचा अभ्यास करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला वनस्पती येतात. हिरडा, कारवी, अंजन ती ओळखेल आणि ओळखायला शिकवील. अत्याचार सोसलेल्या मुलाचे वागणे कसे वाचावे, बालकल्याण समितीचा आदेश काय सांगतो, पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे का बंधनकारक आहे, हे तिला येत नाही, आणि ते न येता बारा मुलांना घेऊन रानात जाणे मला धोक्याचे वाटते. यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी हा सरळ मार्ग आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी, नावाजलेली ठिकाणे आहेत. टाटा संस्थेत मुले व कुटुंबे या विषयाला वाहिलेला अभ्यासक्रमही आहे. या अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत प्रत्यक्ष जाऊन करायचे काम, असते. ते तिने निरीक्षणगृहात किंवा बालगृहात मागून घ्यावे, आणि तेही चार भिंतींच्या आत, सकाळच्या अंघोळीपासून रात्रीच्या भांडणांपर्यंत. रविवारी हसणारी मुले बुधवारी कशी असतात, हे तिने पाहिलेच पाहिजे.

रानातील कौशल्य त्यानंतर किंवा सुट्टीत मिळवता येते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम शिस्त आणि दोराचे ज्ञान देतो. तिच्या कामासाठी मात्र दवाखान्यापासून दूर असताना द्यायच्या प्रथमोपचारांचे प्रशिक्षण अधिक निकडीचे आहे. सह्याद्रीच्या कुशीत मुले नेणाऱ्याला फुरसे आणि घोणस ओळखता आली पाहिजे, सर्पदंशानंतर वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे असते हे पक्के ठाऊक पाहिजे, कड्यावर आग्या मोहोळ असेल तर चूल पेटवायची नाही हे समजले पाहिजे, आणि पावसाळ्यात कोरडा दिसणारा ओढा वरच्या पावसाने काही मिनिटांत भरतो हेही लक्षात राहिले पाहिजे. वनविभागाची परवानगी, बालगृहाच्या अधीक्षकांची लेखी संमती, एकट्या मुलाबरोबर एकट्या मोठ्या व्यक्तीने नजरेआड न जाण्याचा नियम, ही कागदी आणि कंटाळवाणी वाटणारी कामेच पुढे मुलांना आणि तिलाही सांभाळतात.

पैशांचा प्रश्न आपण विचारला नाही, तरी तो आपल्या मनात असणार. या क्षेत्रात सुरुवातीचे मानधन कमी असते, प्रकल्प संपला की पद संपते, आणि फक्त जंगलातील सत्रे घेऊन पूर्ण वेळेचे उत्पन्न मिळणे अवघड आहे. बहुतेक जण आठवड्यातील काही दिवस समुपदेशन, शाळांतील निसर्गशिक्षण किंवा संस्थेचे कार्यालयीन काम करून उरलेले दिवस मुलांसोबत रानात जातात. समाजकार्याची पदवी हाती असली की ही जोडणी जमते. केवळ आवडीवर ती जमत नाही. आपल्या आग्रहातील काळजीचा हा भाग मला पूर्ण मान्य आहे.

मान्य नाही तो घरातील अबोला. हे काम करणाऱ्यांच्या मनावर इतरांच्या दुःखाचा भार साचतो, झोप उडते, चिडचिड होते, आणि काही वर्षांतच अनेक चांगली माणसे हे काम सोडतात. जी टिकतात त्यांना बहुधा घरी किंवा मित्रांत, काही न सांगताही थोडा वेळ बसू देणारे कोणी तरी असते. आपली कन्या या वाटेने गेली, तर आपण ते माणूस होऊ शकता. पण आपल्या घरात तिचा फोन तिच्या वतीने दुसराच कोणी करत असेल, तर ती आधारासाठी दुसरीकडे जाईल.

या आठवड्यात एवढे करावे. संस्थेच्या समन्वयकांना आपण स्वतः फोन करून तब्येतीचे कारण खरे नव्हते हे सांगावे. या वेळी तो फोन आपणच करायचा आहे. येत्या रविवारी तिला जाऊ द्यावे, आणि मुलांना काय सांगायचे ते तिने समन्वयकांशी बोलून ठरवावे. टाटा संस्थेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघतात, तर इतर संस्थांच्या तारखा त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर पाहाव्यात. निरीक्षणगृहातील क्षेत्रकार्य, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि निवासाचा खर्च यांबद्दल पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. तिला मी सविस्तर उत्तर देईन.