किनाऱ्यावर चार खोल्या: कर्ज दहा वर्षांचं, जागा पाच वर्षांची

प्रश्न: मालवणच्या दक्षिणेला देवबागच्या वाळूच्या पट्टीवर आमची २४ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे. जुनं चिरेबंदी घर परवानगीचं असून त्यातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. वय ५८. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे अखेरीस निवृत्त झालो, हातात ४२ लाख येत आहेत. समुद्राच्या बाजूला २८ लाखांत चार खोल्या बांधायच्या आहेत. बँक १५ लाख १० वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी द्यायला तयार आहे. पुढे ६ लाखांचा दगडी बंधारा घालायचा विचार आहे. मुंबईचा एक जण गुंठ्याला ३ लाख देतो म्हणतो. बांधू की विकू?

उत्तर: नवीन खोल्या बांधू नका आणि बंधाऱ्यात एक रुपयाही घालू नका. विक्रीचा विचार करण्यासारखा आहे, पण घेणारा ज्या आकड्यावर बोलतोय तो आकडा टिकणार नाही. कारणं तुमच्याच कागदांत आहेत.

तुम्ही पाठवलेल्या १९९६ च्या मोजणी नकाशात जागेची रुंदी २४ मीटर आणि खोली १०१ मीटर आहे. आज टेप लावून तुम्हाला रस्त्यापासून वाळूच्या कड्यापर्यंत ७४ मीटर मिळाले. म्हणजे २७ मीटर गेले. २४ ने गुणलं तर ६४८ चौरस मीटर, जवळपास साडेसहा गुंठे. सातबाऱ्यावर मात्र अजून २४ गुंठेच आहेत, कारण तो समुद्राबरोबर आपोआप मागे सरकत नाही. जमिनीवर तुमच्याकडे साडेसतरा गुंठे आहेत आणि बँक, विमा, विक्री या सगळ्यांचा हिशेब तेवढ्यावरच करायचा.

३० वर्षांत २७ मीटर म्हणजे वर्षाला ०.९ मीटर. पण उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून तुम्ही काढलेला गेल्या १० वर्षांचा आकडा १५ मीटर आहे, म्हणजे वर्षाला दीड मीटर. माझा हिशेब दीडवर आहे. चित्रं तुलनेला घेताना एकाच ऋतूतली घ्या, शक्यतो मार्च ते मे मधली. पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर तिचा दांडा करतात आणि दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. ऑगस्टचं चित्र फेब्रुवारीच्या चित्राशी ताडलं तर नसलेली धूप दिसते किंवा असलेली लपते. ओल्या वाळूची रेषाही धरू नका, ती भरतीगणिक बदलते. मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) जिथे संपते किंवा कडा जिथे तुटलाय, ती रेषा धरायची.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली किनारपट्टी अभ्यासली. त्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा सुमारे चौथा हिस्सा धुपणारा निघाला, बराचसा स्थिर आणि थोडा तर वाढणारा. त्यामुळे ‘कोकणातली किनाऱ्याची जमीन’ असा एकच भाव सांगणाऱ्या दलालाचं ऐकू नका. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशी तुमची पट्टी तर सगळ्यात चंचल जातीची. खाडीच्या मुखाशी वाळू सतत जागा बदलते, आणि नदीतून उपसलेली वाळू किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

आता वर्षं मोजू. जोत्यापासून कड्यापर्यंतचं सगळं अंतर वापरण्याजोगं नसतं. मोठं वादळ आणि अमावस्या-पौर्णिमेचं उधाण एकत्र आलं की काही दिवसांत कित्येक मीटर कडा ढासळतो, म्हणून १० मीटर वादळासाठी राखून ठेवायचे. ५ मीटर शौचालयाच्या टाकीसाठी आणि शोषखड्ड्यासाठी, कारण घर पडण्याआधी टाकी उघडी पडते आणि पाहुणे तिथेच संपतात. जुन्या घराचं जोतं कड्यापासून ५१ मीटरवर आहे: १५ वजा केले की ३६ उरतात, दीडने भागले की २४ वर्षं. नवीन खोल्या तुम्ही कड्यापासून २२ मीटरवर काढल्या आहेत: १५ वजा जाता ७ मीटर. दीडने भागा, पाच वर्षंही भरत नाहीत.

कर्ज १० वर्षांचं आहे. हप्ता महिना सुमारे २०,२४० रुपये. पाच वर्षांनी खोल्या धोक्यात येतील तेव्हा बँकेचे सुमारे ९ लाख ४० हजार देणं बाकी असेल, आणि तारण समुद्रात गेलं म्हणून देणं जात नाही. ते तुमच्या पेन्शनवर येतं.

उत्पन्नाचा तुमचा अंदाज मी जसाच्या तसा धरतो: चार खोल्या, २,२०० रुपये रात्र, वर्षाला प्रत्येकी ११० रात्री. ९ लाख ६८ हजार. यातून ऑनलाइन बुकिंगचं कमिशन, धुलाई, माणसांचा पगार, वीज आणि खाऱ्या वाऱ्याने दरवर्षी खाल्लेले पत्रे, बिजागऱ्या, एसी हे सगळं जाऊन निम्मे उरले तर चांगलं म्हणायचं. म्हणजे ४ लाख ८० हजार. हप्त्यांचे २ लाख ४३ हजार गेले की राहतात सव्वादोन-अडीच लाख. पाच वर्षांत हप्त्याआधीचं उत्पन्न २४ लाख होतं आणि घातलेले असतात २८ लाख. मुद्दलच परत येत नाही.

याउलट ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, वर्षाला २ लाख ४६ हजार. चार खोल्यांच्या धावपळीतून हप्ता भरून जे उरतं, तेवढंच! व्याजावर कर लागतो, हे लक्षात ठेवा. तुमचं वय ६० नसलं तरी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत गुंतवले तर ५५ ते ६० वयातही खातं उघडता येतं. ही मुदत चुकली तर साठीपर्यंत थांबावं लागेल, म्हणून या उत्तरातली पहिली कृती हीच. पोस्टात जाताना निवृत्तीचा आदेश आणि रक्कम जमा झाल्याचा पुरावा न्या.

हे सगळं कायद्याचा विषय न काढता झालं. तो काढला तर गणिताची गरजच उरत नाही. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर, इतर गावांत २०० मीटर हा ना-विकास पट्टा. तुमच्या खोल्या २२ मीटरवर, म्हणजे गाव कुठल्याही भागात असो, त्या पट्ट्यातच. खाडीच्या बाजूनेही वेगळा पट्टा धरला जातो, त्यामुळे रस्त्यापलीकडे सरकून सुटका होईल असं गृहीत धरू नका. ‘मग तंबू टाकतो’ ही वाटही बंद आहे: तात्पुरत्या पर्यटन सुविधा भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून आणि मंजूर पर्यटन आराखड्यानुसार चालतात, पण त्या म्हणजे खोपटी, स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा, पिण्याचं पाणी, बसायची सोय. राहायच्या खोल्या त्यात येत नाहीत. शेजाऱ्याने बांधल्या आहेत, हा पुरावा नव्हे. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. बँक तुमची परतफेडीची ताकद बघते.

पट्ट्यात जे चालतं ते तुमच्याकडे आहे: अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी. जोत्याचं क्षेत्र, चटई क्षेत्र (जागेच्या मानाने एकूण बांधकाम) आणि घनता मात्र वाढवायची नाही. म्हणून ७ लाख जुन्या घरात घाला, कर्ज न काढता. दोन्ही खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर, चांगल्या गाद्या, छपराची दुरुस्ती, सौर पाणीतापक. शक्य तिथे उचलून नेता येईल अशा वस्तूंवर खर्च करा. विहिरीचं पाणी मचूळ होऊ लागलं असेल तर आधी टाकी आणि गाळणी, रंगरंगोटी नंतर. निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करून घ्या. उरलेले ५ लाख बँकेत हाताशी ठेवा.

बंधाऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. ६ लाखांत २४ मीटर म्हणजे मीटरला २५ हजार. सरकारी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला मीटरमागे याच्या कित्येक पट लागतात, आणि ते पैसे नुसत्या दगडांवर जात नाहीत. खाली जिओटेक्स्टाईलचा, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण वाळू अडवणाऱ्या कापडाचा थर, त्यावर बारीक दगड, मग लाट हलवू शकणार नाही असे जड दगड आणि पायथ्याशी खोलवर पुरलेली पुढची रांग लागते. थर नसला की लाट परतताना फटींतून वाळू खेचते, दगड बसत जातात आणि दोन-तीन पावसाळ्यांत तुमचा बंधारा म्हणजे पुळणीवर पडलेला दगडांचा ढीग. भिंतीवर आपटलेली लाट पायथ्याची वाळू आणखी खणते. भिंतीच्या दोन्ही टोकांना धूप वाढते, म्हणजे शेजाऱ्याची बाग आधी जाते आणि मग पाणी बाजूने वळसा घालून तुमच्या मागे येतं. शिवाय धूप रोखण्याचं कामही शास्त्रीय अभ्यास आणि परवानगीशिवाय करता येत नाही.

सरकारी बंधारा आला तर? घर काही वर्षं जास्त टिकेल. पण बंधारा जमीन वाचवतो, पुळण वाचवत नाही. भरतीला दगडांपर्यंत पाणी असलं की ‘अंगणातून थेट समुद्रावर’ ही जाहिरात संपते आणि खोलीचा दर उतरतो. बंधारा तुमच्या हद्दीच्या अलीकडेच संपला तर दीड मीटरचा आकडा विसरा, टोकाची धूप त्याहून वेगाने होते. मंजूर कामाचा नकाशा बघून टोक कुठे येतंय ते विचारून घ्या.

फुकटातलं काम एवढंच: मर्यादवेल आणि केवडा उपटू नका, वाळूचा उंचवटा ‘समुद्र दिसावा’ म्हणून कापू नका. नोव्हेंबरात कड्याच्या मागे बांबू आणि झावळ्यांचं कमरेएवढं, निम्मी हवा जाऊ देणारं कुंपण घाला. वाऱ्याची वाळू तिथे साचते. मे संपताना काढून घ्या. वादळ याने थांबत नाही, पण उन्हाळ्यात साठलेली वाळू पहिल्या उधाणात घराच्या आधी खर्च होते.

विम्याबाबत लोकांची मोठी गैरसमजूत आहे. घराच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर आणि जलमय होणं यांना संरक्षण आहे. जमीन खचण्यालाही आहे, पण तिथेच अपवाद लिहिलाय: किनाऱ्याची किंवा नदीची धूप वगळून. म्हणजे निसर्गसारख्या (३ जून २०२०) वादळात छप्पर उडालं तर दावा चालेल, पण कडा वर्षानुवर्षं सरकत भिंतीखाली आला तर नाही. जमिनीचा विमा नसतोच. खोल्या भाड्याने देता तर ते विमा कंपनीला लेखी कळवा; व्यवसायाच्या भागासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्यावी लागेल. घर म्हणून विमा आणि आत होमस्टे, असा दावा अडकतो. दरवर्षी मे अखेरीस घराचे चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवा. नुकसान झालं तर हवामान खात्याचा इशारा आणि तलाठ्याचा पंचनामा जोडा. वादळ की धूप, हा वाद तिथे सुटतो.

आता विक्री. २४ गुंठ्यांचे ७२ लाख हा कागदावरचा भाव. मोजणी झाली की साडेसतरा गुंठ्यांचे साडेबावन्न होतील, आणि घेणाऱ्याने ना-विकास पट्ट्याचा नकाशा पाहिला की आणखी खाली येतील. दोन्ही गोष्टी तुम्हीच आधी सांगा. साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष माहीत असून लपवला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रेता अडचणीत येतो.

किती आले तर विकावं? दुरुस्तीनंतर दोन खोल्यांतून वर्षाला निव्वळ ३ लाख आणि वाचलेलं घरभाडं ७२ हजार धरा. हिशेबात २४ वर्षं दिसत असली तरी धुपीचा वेग वाढू शकतो, म्हणून १५ च धरतो. पुढच्या वर्षांत मिळणारे हे पैसे ८ टक्के व्याजाच्या हिशेबाने आजच्या रकमेत आणले तर किंमत सुमारे ३२ लाख येते. सगळं माहीत असलेला ग्राहक कर जाऊन ३५ लाखांच्या वर हातात देत असेल तर विका आणि मालवण किंवा कुडाळला घर घ्या. त्याहून कमी असेल तर राहा आणि कमवा. जागा सातबाऱ्यावर शेतजमीन असेल, प्रत्यक्ष माडांची बाग असेल आणि नगरपरिषदेच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतरापलीकडे असेल तर ग्रामीण शेतजमीन म्हणून भांडवली नफ्याचा कर लागत नाही. बिनशेती भागाला लागतो: १२.५ टक्के, किंवा जुन्या मालमत्तेला महागाई निर्देशांकासह २० टक्के, यातला कमी असेल तो. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. जागा समुद्रात गेली तर मात्र ते हस्तांतरण धरलं जात नाही, त्यामुळे तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही.

सौदा नाही झाला तर वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि ऑक्टोबरात, जोत्याच्या दोन कोपऱ्यांपासून आणि मधून कड्यापर्यंत टेप लावा आणि वहीत लिहा. ३० मीटर उरले की घरावर मोठा खर्च बंद, तेव्हा दहाच वर्षं हातात असतात. २० मीटरला राहायची दुसरी सोय तयार हवी. आत्ता या आठवड्यात मोजणीचा अर्ज करा, आणि अधिकृत संस्थेकडून तुमचा गट क्रमांक १:४,००० च्या किनारा व्यवस्थापन नकाशावर चढवून घ्या. नकाशाची एक प्रत मुंबईच्या ग्राहकाला पाठवा. तो नंतर फोन करतो का, त्यावरून ऑफर किती खरी होती ते कळेल.