१९८२च्या मुंबईतल्या कापड गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना कामगारांचा कैवारी म्हणावं की गिरण्या बुडवणारा?

दोन्ही शिक्के मला अपुरे वाटतात. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळ गोळ्या घालून त्यांना मारलं. २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने या खुनाच्या खटल्यात गुंड छोटा राजनलाही पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

गिरण्या आधीच डबघाईला येत होत्या. मालकांनी यंत्रं जुनी ठेवली, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात निघत होतं. त्यात १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या कामगार संघटनेला दिलेला, जो कामगारांना आपला वाटतच नव्हता. म्हणून लोक स्वतःहून डॉक्टरांकडे गेले, हे विसरून चालणार नाही. घाटकोपरला दवाखाना चालवणारा, खाणकामगारांसाठी भांडणारा माणूस. इतर कारखान्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढ मिळवून दिली होती.

पण १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा परतीची वाट डॉक्टरांनी आखलीच नव्हती. इंजिनिअरिंग कारखान्यातला मालक महिनाभर उत्पादन थांबलं की नमतो. गिरण्यांत मात्र मालाचे साठे पडून होते, काहींना तर गिरणी बंदच हवी होती. सरकारही हटलं नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. हजारो कुटुंबं कोकणात, साताऱ्याकडे परतली ती कायमची. माझ्या मते ही जबाबदारी डॉक्टरांवर येतेच.

तरी १९८४च्या काँग्रेस लाटेत याच लोकांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर मात्र त्यांनी उभे केले नाहीत.