एसएमपीएस वारंवार जळत असेल तर बोर्ड खोलण्याआधी न्यूट्रल मोजा

दारव्ह्याच्या भाऊंनी लिहिलंय की गोठ्यातल्या कॅमेऱ्यांचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या लाईनचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा डबा) वर्षभरात तिसऱ्यांदा गेला. आधीचे दोन फ्यूज उडून मेले, आताचा टिकटिक करतो अन् लाईट लुकलुकते. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. भाऊ, हे आम्ही भोगलंय, म्हणून लिहितो.

टिकटिकवाल्याचं आधी. आउटपुटच्या वायरी सोडून पाहा. टिकटिक थांबली तर दोष कॅमेऱ्यात किंवा वायरीत. चालूच राहिली तर आउटपुटचा डायोड शॉर्ट आहे का ते मोजा. तो चांगला निघाला तर आउटपुटचे फुगलेले कॅपॅसिटर अन् कंट्रोल आयसीजवळचा छोटा कॅपॅसिटर (बहुतेक २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट) बदला. हा छोटा फुगत नाही, आतून सुकतो. वरून चांगला दिसतो म्हणून मेकॅनिक त्याला हातच लावत नाहीत. नवे घेताना १०५ डिग्रीचेच घ्या. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात ८५ वाले टिकत नाहीत.

पण तुमचा खरा प्रश्न आधीचे दोन काहून गेले, हा आहे. ते फेकले नसतील तर खोला. वायर आत येते तिथे फ्यूजजवळ निळी चकती असते, एमओव्ही म्हणतात तिला. ती फुटून काळी झाली असेल तर लाईनचं व्होल्टेज बहुतेक वर गेलं होतं. स्वस्त मालात ती बसवलेलीच नसते, बोर्डावर नुसती रिकामी भोकं दिसतात. मग मोठ्या कॅपॅसिटरवर काय छापलंय ते पाहा. बहुतेक ४०० व्होल्ट असेल. २३० च्या लाईनवर त्याच्यावर साधारण ३२५ व्होल्ट डीसी येतात. लाईन ३०० झाली की ४२४. मग तो फुगणार, नाहीतर मॉसफेट (बोर्डावरचा चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जाणार. नवा बसवला तरी तोही जाणार.

अन् लाईन ३०० होते कशी? डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला) न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची तार, ढिला झाला की. मग ज्या फेजवर लोड जास्त त्या घरचे बल्ब मंद, अन् ज्या फेजवर कमी त्या घरी भडक. संध्याकाळी घराघरात कूलर चालू झाले की मल्टिमीटर लावा. शेजारी लोड टाकला अन् तुमचं व्होल्टेज उतरायच्या ऐवजी चढलं, तर पक्कं समजा. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये एरवी दोन-चार व्होल्ट मिळतात, तेव्हा वीस-तीसच्या वर जातील. अर्थिंग मात्र खरी पाहिजे, नुसती खिळ्याला बांधलेली वायर नको.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. ज्या ऑफिसात तक्रार दिली (नाव लिहीत नाही), तिथून माणूस आला तो भर दुपारी, डीपीवर लोड नसताना. मीटर लावलं, २३२ दिसलं, कागदावर ‘व्होल्टेज बरोबर, दोष ग्राहकाच्या वायरिंगमध्ये’ असं लिहून गेला. संध्याकाळी या म्हटलं तर ड्युटी संपते म्हणाले. तोवर आमचा टीव्ही अन् फ्रिज गेला, शेजारच्या काकूंचा मिक्सर गेला, दोन घरांचे एलईडी बल्ब उडाले. शेवटी डीपी खोलली तेव्हा न्यूट्रलचा लग (तार आवळायचं टोक) जळून काळा झाला होता अन् तार बोटानं हलत होती. पान्यानं आवळायचं काम! याचा संताप आजही जात नाही.

म्हणून तोंडी सांगू नका. संध्याकाळच्या रीडिंगचा वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा, त्याच डीपीवरच्या पाच-सात घरांच्या सह्या घ्या, अर्ज द्या अन् दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तरी ऐकलं नाही तर २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो, तिथे जाता येतं. डीपीला मात्र स्वतः हात लावू नका, कोणी कितीही हिंमत दाखवली तरी.

मी इंजिनिअर नाही, अनुभवावरून सांगतोय. बोर्ड खोलायचाच असेल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात, बंद पडलेल्या बोर्डात तर जास्तच वेळ. होल्डरमधल्या ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या (एलईडी नव्हे) बल्बच्या दोन वायरी लावून तो रिकामा करा अन् मीटरनं शून्य पाहूनच हात लावा. पहिल्यांदा चालू करताना तोच बल्ब सिरीजमध्ये टाका. क्षणभर पेटून विझला तर ठीक, भडक पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, फ्यूज बदलून उपयोग नाही.

अन् एक. तुमच्याकडे रानडुकरांसाठी झटका मशीन आहे असं लिहिलंय. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवरच ठेवा, कॅमेऱ्याच्या एसएमपीएसवर जोडू नका. झटक्याची वायर कॅमेऱ्याच्या वायरीजवळून नेली तर डीव्हीआरही (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) जाऊ शकतो. अन् कुंपणात थेट घरची लाईन सोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला उभंही करू नका, त्यात माणसं मेलीत.

मोठ्या कॅपॅसिटरवर किती व्होल्ट छापलेत अन् संध्याकाळी ७ ते ९ मधलं रीडिंग काय येतं, तेवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.