जर्म ट्यूब निघत नाही? स्ट्रेन बदलण्याआधी पेशी मोजा

‘कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट एन-असेटाइल ग्लुकोजअमाइनमध्ये (तंतू फुटायला लावणारी एक साखर) 37 अंशांवर ठेवली तरी नुसत्या कळ्याच दिसतात, जर्म ट्यूब (पेशीतून फुटणारी तंतूची पहिली नळी) निघत नाही. स्ट्रेन खराब असेल का?’ तुमचा प्रश्न वाचला आणि माझे वाया गेलेले पाच आठवडे डोळ्यांपुढे आले.

तापमान, पीएच तुम्ही तपासलंच असेल. मला एवढंच सांगा, पेशी किती टाकता?

मी रात्रभर वाढवलेलं, दुधासारखं गढूळ कल्चर न धुता तसंच नव्या माध्यमात ओतायचो. पेशी जास्त तर ट्यूबही जास्त, असं मला वाटायचं. होतं नेमकं उलट. ही यीस्ट वाढताना फार्नेसॉल नावाचं रसायन बाहेर सोडते. मिलिलिटरमागे साधारण 10 लाखांच्या वर पेशी गेल्या की ते इतकं साठतं की नवे तंतू फुटणं थांबतं, पेशी कळ्याच देत राहतात. 2001 सालीच हे प्रसिद्ध झालंय. आधी फुटलेल्या तंतूंची वाढ मात्र त्याने थांबत नाही. मी जुन्या कल्चरबरोबर ते फार्नेसॉलही ओतत होतो.

स्ट्रेन पुरवणाऱ्या विभागाला तीनदा लिहिलं. दर वेळी तेच उत्तर: ‘आमच्याकडून निघताना कल्चर व्यवस्थित होतं, नव्याने मागणी नोंदवा.’ दोनदा नोंदवली. पेशी किती टाकता, हे एकानेही विचारलं नाही. याचा मला आजही राग येतो. रोज हेच काम करणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच सुचायला हवा होता.

शेवटी पेशी पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुतल्या, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची काचपट्टी) मोजल्या आणि मिलिलिटरमागे 2 लाख टाकल्या. दीड तासाने पाहिलं तर गोल पेशींतून सरळ नळ्या निघालेल्या, बुडाशी कुठेही न आवळलेल्या. बुडाशी आवळलेलं दिसलं तर ती जर्म ट्यूब समजू नका, स्यूडोहायफा (खोटा तंतू) असतो.

मी फक्त एससी5314 या स्ट्रेनवर काम केलंय. तुमच्याकडे ईएफजी1 हे तंतू फुटायला लागणारं जनुक काढलेला म्युटंट असेल तर धुऊन-मोजून उपयोग नाही, त्याचा दोष मुळातच आहे. सीरममध्ये (रक्तातला गोठून उरलेला द्रव) पेशींची गर्दी थोडी खपते, कारण त्यातलं अल्ब्युमिन फार्नेसॉल धरून ठेवतं. म्हणून ‘सीरममध्ये तर येतात’ एवढ्यावरून या साखरेच्या माध्यमातली पेशींची घनता बरोबर आहे असं धरू नका.

आणि हीच चाचणी यीस्टची जात ओळखायला वापरणार असाल तर तीन तासांच्या पुढे ठेवू नका, कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जातही फसवते. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस ही जात तर वेळेतच खरी जर्म ट्यूब देते, तिथे दुसरी चाचणी लागेलच.

आधी मोजा, आकडा इथे टाका. मग पुढचं बघू.